सोळाव्या मजल्याचा व्हॉल्व्ह

सोमवार, २१ एप्रिल २०२५

धुराने स्प्रिंकलर सुटतच नाही! आज ऑफिसात आगीचं प्रशिक्षण होतं, तेव्हा कळलं. छतावरच्या त्या लाल काचेच्या नळीला झळ लागून ती फुटली तरच पाणी येतं, आणि तेही तेवढ्या एकाच तोंडातून. सर्व्हर रूममध्ये म्हणे पाणी नाही, गॅस. हॉटेलच्या भटारखान्यात चुलींवर वेगळंच औषध फवारतात, कारण पेटलेल्या तेलावर पाणी मारलं की भडका.

आणि आम्ही? मार्चमध्ये वास्तुशांतीला होमाच्या धुराने घरभर पाऊस पडेल म्हणून नवऱ्याने, वरदने, लॉबीतला स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह बंद केला. अख्ख्या सोळाव्या मजल्याचा! गुरुजीसुद्धा म्हणाले, "बरं केलंत."

घरी आल्या आल्या वरदला विचारलं, परत उघडलास ना? — "अगं, राहिलंच."

मंगळवार, २२

राहिलं नाही, ठेवलंय! होमानंतर सीलिंगवाल्याची शिडी आपटून हॉलमधला एक स्प्रिंकलर फुटला, आणि या शहाण्यांनी तो तसाच पीओपीत लपवला. व्हॉल्व्ह उघडला की धार थेट नव्या सोफ्यावर. बदलायचा तर सीलिंग फोडावं लागणार. "जूनमध्ये बघू," म्हणे. आगीला तारीख कळवली असेल बहुतेक.

"समोरच्या घरात सुगराआपा एकट्या असतात," मी म्हटलं.

"त्यांच्याकडे कशाला आग लागतेय?"

मी अबोला धरला. जेवले मात्र.

शनिवार, २६

खारघरहून नणंदेचा, मालूताईंचा फोन. बिचाऱ्या रडकुंडीला आल्यात — टँकर आला तर पाणी. आमच्याकडे मात्र नळ दिवसभर धो धो. वरदची कॉलर ताठ. "टॉवर कशाला म्हणतात!"

शुक्रवार, २ मे



ऑफिसातून येऊन कुलूप काढत होते, तर आपांच्या दाराखालून धूर. दार नुसतं लोटलेलं. आत गेले — कढई पेटलेली, ज्वाळा वरच्या कपाटापर्यंत, आणि आपा वॉकरला एका हाताने धरून दुसऱ्या हातात पाण्याचं पातेलं! ओरडलेच, "पाणी नको!" परात झाकली, गॅस बंद केला. मनगटाला भाजलं थोडं. परातीखाली सगळं विझलं, तेव्हा कुठे मी खाली फरशीवर बसले.

आपाच माझी समजूत काढत होत्या. "डरू नको बेटी. वर ते लाल लाल लावलंय ना, वखत आला की पानी आपोआप येतं. झुबेरनं तेच बघून हे घर घेतलं. दोहाला जाताना बोलला, अम्मी, आता मला फिकीर नाय."

मला मान वर करता येईना. लाज वाटली. फार लाज वाटली.

शनिवार, ३

वरदला सांगून टाकलं, उद्या मी व्हॉल्व्ह उघडणार.

"आणि सोफा?"

सोफा गेला खड्ड्यात!

मग समोर जाऊन आपांना सगळं सांगितलं. होम, शिडी, सगळं. त्यांनी एकदा वर छताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "उद्या उघडशील ना? बस्स."

परत आले तर वरद बाजारातून ताडपत्री घेऊन आलेला. मुकाट्याने सोफा झाकत होता. त्याचं हे असं असतं, म्हणून तर नीट भांडताही येत नाही.

रविवार, ४

सोफ्यावर ताडपत्री, खाली बादल्या. वरद हॉलमध्ये वर बघत उभा. मी लॉबीत चाक फिरवलं — पूर्ण, आणखी फिरेना तोवर.

थेंब नाही.

"गळत नाहीये!" वरद आनंदाने ओरडला. मलाही क्षणभर हसू आलं. मग चाकाशेजारच्या, पाण्याचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडे लक्ष गेलं. काटा शून्यावर.

वॉचमन काळूरामला वर बोलावलं. तो चाकाकडे बघून म्हणाला, "म्याडम, कितीबी फिरवा. पायपात पानीच नाय. आगीची टाकी एप्रिलपासून तुमच्या नलांना जोडलीय ना! कमिटी बोलली, टँकर नको. आख्ख्या टॉवरला नाय पानी."

समोरचं दार किलकिलं झालं. आपा विचारत होत्या, "झालं का गं?"

सकाळीच मी न्हाले होते. नळाला भरपूर पाणी होतं.