आधी टोकाच्या घराला

प्रिय परसराम,

तुझी तब्येत कशी आहे? धुराने छाती भरते, असं दिवाळीच्या पार्सलातल्या चिठ्ठीत होतं. गूळ-हळद घेत जा. सूनबाई मेघाचे गुडघे? डिंपल कडेवर बसून गेली होती, आता आईच्या खांद्याला लागली असेल. आणि सूरज, ज्याला इथं कोणी पाहिलंच नाही, त्याचे दुधाचे दात पडायला लागले का? इकडे तुझी आई, आमची सुंदरवहिनी, हिंडती-फिरती आहे. डोळे मंद झालेत, जीभ अजून विळ्यासारखी.

नवल सांगतो. ग्रामपंचायतीत इंटरनेटची तार येऊन चार वर्षं झाली होती, पण पेटीत पालींचा संसार. घरात विहीर नि तोंडाला कोरड! यंदा सरकारने अशा गावांसाठी अनुदान काढलं. तार आहे तिथं लोकांनी ती वापरावी, म्हणून एक खोली, मोठा पडदा, दोन संगणक, नि ते चालवायला शिकवलेली पोर. अर्ज लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. मी बिडीच्या पुडक्यावरची अक्षरं जुळवून शिकलेला माणूस. अर्जात प्रश्न होता, लाभ सर्वांपर्यंत समान कसा पोचवाल? ग्रामसभेत तो वाचून दाखवला. मग म्हातारे भैयाजी म्हणाले, "तलावाचं पाणी वाटतो तसंच. आधी टोकाच्या धानाच्या बांधीले, मंग वरच्याईले." मी तसंच लिहिलं. लिहिताना हात का अडला, ते तुला कळेल.

भंडाऱ्याचे साहेब वाचून हसले. नेट म्हणजे तलाव नव्हे, वरच्याने घेतलं म्हणून खालच्याचं आटत नाही, सगळे एकदम बसा, असं त्यांनी समजावलं. भैयाजी म्हणाले, "असन सायेब. पन टोकाले पोचल्याबिगर वरचा हात लावत नाही, हे आमच्यात हाय." साहेब मग हसले नाहीत. अनुदान मंजूर झालं.

गावात टोकाचं घर तुमचं, म्हणून पहिली पाळी वहिनीची. खोली चालवणाऱ्या प्रतिक्षाने विचारलं, आजी, काय पाहाचं? वहिनीने पदराच्या गाठीतून तुझ्या पार्सलावरचा पत्ता काढला. पोरीने बोटं चालवली, आणि परसराम, बिलासपूरचा तुझा रस्ता भिंतीवर उभा राहिला. पानटपरी, विजेचा खांब, खांबाची सावलीसुद्धा. ज्या मुलखात माझं पाऊल नाही, तो माझ्यापासून हातभर. देवळात जोडतो तसे माझे हात आपोआप जुळले. रस्त्यात एक सायकलवाला होता. वहिनी म्हणाली, "थांबव त्याले. विचार, माह्या परसरामले ओळखते काय."

खोलीत चाळीस माणसं, कोणी हसलं नाही. हा जुना फोटो आहे, असं प्रतिक्षाने हळूच सांगितलं. नंबर असेल तर मुलाचं तोंड पाहून बोलता येईल, आजी. नंबर कोणाकडेच नव्हता. वहिनी उठली. "माही पाळी बाकी हाय," एवढंच बोलली.

आज नववा दिवस. पडदा झाकून आहे. पोरांचे फॉर्म अडलेत, आजारी रत्नमालाला पडद्यावरून नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायचंय, तीही थांबली आहे. वापर दिसला नाही तर सामान दुसऱ्या गावाला जाईल, असा साहेबांचा निरोप आला. तरी वहिनीला 'सोडा पाळी' म्हणायला कोणी तयार नाही. ती रोज सकाळी तू धाडलेलं लुगडं नेसून तिथं जाऊन बसते.

ज्या साली तलाव अर्धाच भरला, त्या साली पाणी वाटायचं काम माझ्याकडे होतं. मी पाळी मोडली. तुझ्या बांधीआधी माझ्या बांधीत पाणी घेतलं. तुझं धान उभं वाळलं. तू भांडला नाहीस. लेकराबायकोला घेऊन गेलास, नंबर ठेवला नाहीस. अकरा वर्षं मी 'तलावच आटला होता' म्हणत आलो. आटला नव्हता, बाळा. ग्रामसभेत भैयाजी माझ्याकडे पाहूनच बोलले होते. मला माफ नको करू, ते माझं मी पाहीन. पण तेव्हा पाळीचं पाणी मी तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही, आता तिच्या पाळीला तुझं तोंड तुझ्या आईपर्यंत पोचू दे. सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलंय. त्यात फक्त नंबर टाक, आणि लवकर टाक.

तुझाच,
वासुदेवकाका