येते म्हणू नये

१२ मार्च १९८३, मद्रास
पोचले बाई एकदाची! सोलापूरच्या शाखेतून बढती मिळाली ती थेट मद्रासला, म्हणजे लाडू देऊन उन्हात उभं करण्यातला प्रकार. पण खोली छान आहे. तिरुवल्लिकेणीत, समुद्राचा वारा येतो. घरमालकीण सकवारबाई साठीच्या, तंजावरकडच्या मराठी, एकट्याच राहतात. त्यांचं मराठी ऐकताना कुणी पोथी वाचतंय असं वाटतं, आणि मधेच तमिळ सुरू होतं. आल्या आल्या त्या म्हणाल्या की संपात पाणी नाही. मी विचारलं, कुणाचा संप? बँकेतल्या बाईला दुसरं काय सुचणार! इथे अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीला संप म्हणतात. दोघी पोटभर हसलो. मे महिन्यात उमाकांत लेकीला, जयूला, घेऊन सोलापूरहून सुट्टीला येतील. जयू सात वर्षांची झाली. ती समोर नसली की मला घास गिळवत नाही. लौकरात लौकर बदली मागून तिच्याजवळ परत जायचं, एवढंच डोक्यात आहे.

१५ मार्च
बँकेत निघताना सवयीनं ‘येते हं’ म्हटलं, तर सकवारबाईंचा चेहरा उतरला. माझा दंड धरून म्हणाल्या, “तसें म्हणूं नको, पोरी. ह्या घरांत जाते म्हण.” उंबऱ्यावर ‘जाते’ नाही म्हणायचं, ‘येते’ म्हणायचं, हे जयूला शिकवता शिकवता माझी जीभ झिजली. अशुभ ते अशुभच. मी पिशवी उचलून निघाले.

२७ मार्च
आज रविवार. भात-सांबार जेवून बसलो होतो, तेव्हा बाईंनी आपणहून सांगितलं. त्यांचे यजमान तुळजाजी मोठ्या लढाईत गोऱ्यांच्या पाणबुडीवर तारायंत्र सांभाळायला होते. ती सिलोनमधल्या त्रिंकोमालीहून निघायची. दोन खेपा सुखरूप झाल्या. तिनं शत्रूच्या बोटी बुडवल्या, सुरुंग पेरले. तुळजाजींना त्याचं काही कौतुक नव्हतं. रजेवर आले की नुसते झोपायचे. म्हणायचे, दिवसभर पाण्याखाली राहायचं, हवा पुरवायची म्हणून सगळ्यांनी आडवं पडायचं, बोलायचं नाही, बोलण्यात हवा जाते. काही हवं असलं तर पाइपावर ठोकायचं. तिसऱ्या खेपेला निघताना ते ‘येतो’ म्हणाले. बाई तेव्हा नव्या नवरी. लाजून म्हणाल्या, या, सगळ्यांना घेऊन या, मी जेवायला करते.
पाणबुडी परत आली नाही. कुणीच वर आलं नाही. बाई अजून कुंकू लावतात.
म्हणाल्या, त्यांनी शब्द पाळला, ते आले, सगळ्यांना घेऊन आले. पण पाण्यातली माणसं जमिनीवर कुठे येणार? ती खालीच राहिली. आता ह्या उंबऱ्यावर कुणी येतो म्हटलं की त्या खालच्यांना वाटतं, आपल्यालाच म्हणाला. मग ती वाट बघतात आणि बोलावून घेतात. म्हणून बाई स्वतः घराबाहेर पडतच नाहीत. मला त्यांची फार दया आली. इतकी वर्षं एकटी राहून माणसाचं दुसरं काय होणार!

१० एप्रिल
फार थकवा येतो. बँकेत सही करताना हात जड होतो. डॉक्टर म्हणाले, हवा मानवत नाही. पाण्याची लॉरी आली नाही, गल्लीभर रिकाम्या कुडमांची, म्हणजे घागरींची, रांग लागली आहे. दुपारी आडवी पडले तर अंगणातून ठोकण्याचा आवाज आला. वाटलं, कुणी नळ दुरुस्त करतंय. बाई म्हणाल्या, झोप, पोरी, बोलूं नको.

२४ एप्रिल
आज पुन्हा, भर दुपारी. मी जाऊन संपाचं झाकण उचललं. आत थेंब नाही, तळाला भेगा पडल्या आहेत. पण आतून घामाचा आणि डिझेलचा वास आला, गरम, खूप माणसं कोंडल्यासारखा. ठोकणं थांबलं. त्यांनीही कान दिला असावा. मला भीती वाटली. उगाच कशाला लपवू, फार भीती वाटली.
मी ‘येते’ एकदाच म्हटलं होतं. निदान आठवतं तरी एकदाच.

८ मे
उमाकांत आणि जयू आले! मिठी मारली तेव्हा जयूनं विचारलं, आई, तू इतकी दमलीस का गं? घर बदलू म्हटलं तर उमाकांत हसले. बदलीचा हुकूम आठवड्यात हातात येईल, मग कशाला?

११ मे
जयू कोपऱ्यावर गोळ्या आणायला निघाली. ‘आजी, येते.’ मी स्वयंपाकघरात होते, धावेपर्यंत बोलून झालं होतं.
दुपारी ती संपाच्या झाकणावर आडवी पडलेली सापडली. ओठ निळे. श्वास घेता येईना. उमाकांत म्हणतात ऊन लागलं. मद्रासच्या उन्हानं ओठ निळे होतात?

१४ मे
हुकूम आला. उद्या निघायचं. जयूकडून दिवसभर घोकून घेतलं. जाते, आजी. जाते, आजी. पोर रडकुंडीला आली, म्हणते तूच तर उलटं शिकवलंस. खालून सारखं ठोकताहेत. एकानं थांबावं, दुसऱ्यानं —
मला बसवत नाही.

१५ मे, दादरच्या गाडीत
सुटली माझी पोर. उंबऱ्यावर उभी राहून खणखणीत म्हणाली, ‘जाते, आजी.’ उमाकांतही हसत ‘जातो’ म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं — बाईंनी कुंकू लावलं, मी वाकून पाया पडले, उठता उठता —
‘येते.’
जन्माची सवय. तोंडातून गेलं.
बाईंनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला. ठोकणं थांबलं.

अरकोणम
गाडी थांबली. श्वास घ्यायला उतरले. बाकावर बसले आहे. पिशवी हातात. कधी घेतली?
समोर मद्रासला परत जाणारी लोकल उभी आहे.
शिटी झाली. जयू खिडकीतून हाका मारते, आई, ये ना, लौकर ये. येते म्हणायचं आहे तिला, तेवढंच — निघत नाही. दुसरंच निघालं. जाते, बाळ.
ती रडायला लागली. तिला कळलं. मीच घोकून घेतलं होतं.
गाडी हलली. उमाकांत दारात — हवा नाही — बाकाखाली ठोकताहेत — हो, ऐकलं — बोलत नाही, आडवी पडते — ये