दोन उशा

आई, आज सकाळी नातीच्या डोक्याखालची उशी मी ओढून घेतली आणि ती किंचाळली, "आजी, तू वाईट आहेस!" सहा वर्षांची आहे. उन्हाळ्यात उकळता चहा तिच्या गळ्यावर सांडला. जखम भरली, खपल्या गेल्या, आम्ही शेजारी पेढे वाटले. आता दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी डॉक्टर मुलगी सांगते, खरं काम पुढंच आहे. भरलेली कातडी कितीतरी महिने आखडत राहते, हनुवटीला छातीकडं ओढते. म्हणून रोज मलम लावून व्रण बोटांनी दाबून चोळायचा, मान मागं ताणायची, गळ्याला पट्टा बांधायचा, आणि झोपताना उशी अजिबात नाही.

उशी म्हटलं की आपलं शुक्रवार पेठेतलं स्वयंपाकघर दिसतं. स्टोव्ह भडकून गळा भाजल्यानंतर तू तिथंच भिंतीकडेला निजली आहेस, आणि तुझी सासू, माझी आजी, मायेनं तुझ्या मानेखाली दोन उशा सारते आहे. "ताण पडू देऊ नगं, पोरी." मान वाकलेली असली की दुखत नसे. मग ती वाकलेलीच राहिली. गल्लीतल्या बायका आजीला म्हणायच्या, "तुमची सून लई गुणाची हाय, मान वर करून बघत न्हाय." माझ्या मिशनच्या शाळेत आलीस तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "लाजू नका, वर बघा." तू हसलीस. "लाजतंय कोण, सिस्टर? मानच वर जात न्हाय. तुमीच जरा खाली बसा की." आणि त्या खरंच बाकावर बसल्या.

सूनबाई म्हणते, "आई, पुरे आता. जखम भरलीय की. किती रडवायचं लेकराला?" मुलगा उठून बाहेर जातो. मी बोटं टेकवते. व्रण दोरीसारखा ताठ लागतो. या आठवड्यात थोडा मऊ झालाय, असं ती डॉक्टर मुलगी म्हणाली. मला तो कधी मऊ वाटतो, कधी नाही. नात मात्र माझी चाहूल लागली तरी दोन्ही हातांनी गळा झाकते.

तू आजीच्या मायेची आठवण शेवटपर्यंत काढायचीस. तिनं काय करून ठेवलं ते तुला कुणी सांगितलं नाही, मीही आता कळल्यावर सांगू शकत नाही. आणि सूनबाईपाशी हे बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिते: मला आजीचा हेवा वाटतो.