शेवटची सिगारेट, दर मंगळवारी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून (कंबर परवानगी देईल तितकाच) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत आणि भावजींचा खोकला थांबला का, ते सवडीने कळव. इकडे सगळं उत्तम. पत्राचं कारण म्हणजे मी सिगारेट सोडली आहे. म्हणजे मुख्य काम संपलं आहे, किरकोळ तपशील तेवढे राहिलेत.

नात सात महिन्यांची झाली तरी मी तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही, हे तुला ठाऊक आहेच. तुझ्या लाडक्या भाचीचा हुकूम आहे की सिगारेट सुटेपर्यंत बाळ बाबांच्या हातात द्यायचं नाही. दर रविवारी लेकीकडे गेलो की ही आत जाऊन नातीला खेळवते आणि मी खिडकीबाहेर उभा राहून काचेतून तोंडं वाकडी करून दाखवतो. (शेजाऱ्यांनी एकदा हटकलंसुद्धा.) शेवटी माझ्या दुकानासमोरच्या माडीवर ॲक्युपंक्चरवाल्या बाई आल्या, त्यांच्याकडे नाव घातलं. मंगळवारी पाच वाजता, एकूण दहा बैठका.

बाई सहा जणांना गोलात बसवतात, प्रत्येकाच्या कानात पाच-पाच सुया टोचतात आणि पाऊण तास गप्प बसवतात. दुखत नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस सांगतोय, बाईंचा हात स्थिर आहे, अगदी माझ्याइतका नसला तरी. निघताना कानाला चिकटपट्टीने एक बारीक बी लावून देतात. तलफ आली की ती दाबायची. मी ती इतक्या मनापासून दाबली की कान लालबुंद झाला आणि गिऱ्हाइकं हळूच विचारायला लागली, घरी सगळं ठीक आहे ना.

आता बाईंचा नियम असा, की सुया काढल्यावर दोन तास ओढायची नाही. सुयांच्या आधीचं त्या काहीच बोलल्या नाहीत आणि मी नियमाबाहेर जाणारा माणूस नाही. तेव्हा आम्ही सहाही जण साडेचारला शेजारच्या बोळात जमून आपापली शेवटची सिगारेट ओढायचो. पुढे आमच्यातल्या बसचालकाने मत मांडलं की शेवटची माणसाने एकट्याने ओढू नये, सगळ्यांना द्यावी. सहा माणसं, प्रत्येकाची शेवटची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा. इतकी दिलदार माणसं मला जन्मात भेटली नव्हती. एरवी मी दिवसाला चारवरून तीनवर आलो होतो, पण चांगल्या गोष्टी कोण लक्षात घेतो.

वेळ बघायची ती दाताच्या डॉक्टरांच्या घड्याळात (हो, तेही आमच्यातलेच). ते घड्याळ सातव्या बैठकीनंतर मी साफ करून दिलं होतं. काम करताना कान दाबत होतो, त्यात बी निसटून घड्याळात पडली आणि मी वरून झाकण लावलं. झालं. आठव्या मंगळवारी घड्याळ वीस मिनिटं मागे. त्यात पाचला दहा कमी होते म्हणून आम्ही निवांत होतो, आणि पेशंट गेले कुठे म्हणून बाई शोधत बोळात आल्या. त्यांच्या मागे आपली लेक, कडेवर नात. सात बैठका झाल्या, आता बाळ बाबांच्या हातात द्यायचं, असं ठरवून ती न सांगता आली होती आणि वर माझी वाट बघत बसली होती.

ती आल्या पावली निघून गेली. काल रविवारी खिडकीला पडदा होता. पण यात सुयांचा काडीचा दोष नाही, दोष घड्याळाचा, आणि ती बी मी चाकातून काढली आहे. माझा उपचारावर पूर्ण विश्वास आहे.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा (बहुतेक बाबतींत) आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. तू तीस वर्षं नर्स होतीस, लेक तुझा शब्द मोडणार नाही. तिला एवढंच कळव की हा उपचार नवव्या बैठकीपासून लागू पडतो. मजकूर सोबतच्या कागदावर लिहून ठेवलाय, तू फक्त सही कर.

आणखी एक ता. क. सही करू नकोस, तो कागद फाडून टाक. ताई, त्या बोळात नातीने मला ओळखलं आणि दोन्ही हात पुढे केले. माझ्या हातात सिगारेट होती म्हणून मला तिला घेता आलं नाही. ती टाकेपर्यंत लेकीने पाठ फिरवली होती. त्यानंतर ओढलेली नाही, आज सहावा दिवस. हात इतके कापतात की दुकान बंद ठेवलंय. मी सोडली असं या घरात इतक्यांदा सांगून झालंय, की या वेळी हिलाही बोललेलो नाही. तू महिनाभर ये आणि नुसती माझ्याजवळ बस. मला एकट्याला जमत नाही.