गाडीपुढं कोण चालणार

१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

गाडी आली! गुफरानने गॅरेजातून स्वतः चालवत आणली. किल्ली माझ्या हातात न देता वैजयंतीपुढे धरली. "काकी, चेसिस सरळ केली, पुढचा एक्सल बदलला, चारही चाकं ओढतायत. अब डरने का नई."

तिने किल्ली घेतली नाही. चहा ठेवते म्हणाली अन् आत गेली. गुफरान माझ्याकडे बघायला लागला. मी टायरकडे.

तीस वर्षांची स्टेशन वॅगन. शाळा माझी सातवीपर्यंत, पण हिला उघडून-जोडून मी जे शिकलो ते कुठल्या शाळेत मिळालं नसतं. रविवार आला की आम्ही दोघं माळ, ओढे, गाडीवाटा धुंडाळायचो. अवघड जागा आली की वैजयंती चपला काढून खाली उतरायची. गाडीपुढं अनवाणी चालायची, तळपायाने जमीन बघायची. कुठं पाय दबतो, कुठला दगड हलतो. पाठ माझ्याकडे, हात वर — डावीकडं, उजवीकडं, थांबा. मागं वळून कधी बघायची नाही. एवढं लोखंड पाठीशी गुरगुरत यायचं, पण नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर होटगीपलीकडच्या ओढ्यात चढ संपत आला म्हणून ती गाडीत येऊन बसली, तेवढ्यात काठ खचला. गाडी आडवी. मला खरचटलं. तिच्या खांद्याचं हाड मोडलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना वैजयंतीनं निकाल दिला.

"त्याच ओढ्यातनं एकटं जाऊन या. गाडी आपल्या चाकांवर परत आली तर राहू द्या. ट्रॅक्टरला दोर लावून आली तर दारातनंच विकायची. अंकिताने गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

अंकिता आमची लेक, पुण्याला असते. मायलेकींचं आधीच ठरलेलं. मला ताट वाढल्यावर कळलं.

"आणि राहिली तर तू बसशील का?"

"आमटी घेता का अजून?"

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी गाडीखाली आडवा होऊन एकेक नट चाचपला. वैजयंती अंगण झाडत होती. गाडीच्या भोवतीनं झाडलं. खालचा पाचोळा तसाच. बाजाराला आमची छोटी गाडी ती झोकात चालवते, पण हिला हात लावत नाही.

२ मार्च, रविवार

हात ठणकतायत. तरी आजचं आजच लिहितो.

सकाळी निघालो. होटगी मागं टाकलं, गाडीवाटेला लागलो. इंजिन कसं एका लयीत चालत होतं. पुढं वाटेवर करडई पसरलेली. चन्नम्मा काठी घेऊन उभी. या वाटेवरची जुनी ओळख.

"अण्णा, लई दिसांनी! बाई कुटं हायत?"

"घरी."

"बरं, आता आलाय तर जरा फेऱ्या मारा की हिच्यावरनं. तुमची गाडी जड हाय, काठीनं झोडून माझा हात मोडून येतोय."

हे तर नेहमीचंच. कुणी माल वाटेवर टाकला की गाडीवाल्यानं तुडवून द्यायचा. मी खुशीत फेऱ्या मारल्या. पुढं, मागं, वळवून परत. करडई कडकड वाजत होती. चन्नम्मानं ताकाची कॅन भरून दिली — बाईला सांगा, म्हणाली.

तसाच ओढ्यात उतरलो. गाडीखाली वाकून बघितलं नाही. रोज बघणारा मी, नेमकं आज नाही.

चढ लागला. चारही चाकांचा गिअर टाकला. जिथं आडवी झालो ती जागा आली. पुढं कुणी चालत नव्हतं. रिकामी वाट तेवढी. हळूहळू चढवत नेली, अन् नाकात जळका वास शिरला. क्लच गेली वाटलं. मग पायाखालून धूर.

थांबलो. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला धोंडा लावला, खाली घुसलो. करडईचे वाळके देठ फिरत्या शाफ्टला दोरासारखे गुंडाळलेले, उरलेले सायलेन्सरवर बसून धुमसत होते. ठिणगी दिसली. डिझेलची टाकी तिथनं हातभर.

पाणी प्यायचं तेवढं, तेही घोटभर उरलेलं. ताक ओतलं! कॅनभर ताक. चर्र झालं अन् आंबूस धूर उठला. मग नुसत्या हातानं देठ उपसले. करडईला काटे असतात हे काय मला माहीत नाही? पण तेव्हा हात बघायला सवड कुणाला होती.

धूर बघून वरच्या रानातला एकजण ट्रॅक्टर घेऊन आला. दोर हातातच. "लावू का, काका?"

"नको."

"जळाली की हो."

"नको म्हटलं ना बाबा. तेवढा दोर लांब ठेव."

खालीवर सगळं तपासलं. हँडब्रेकची वायर भाजलेली, बाकी ठीक. चालू केली. तळव्यात काटे घेऊन स्टिअरिंग धरलं, चढ काढला, घर गाठलं. आपल्या चाकांवर.

वैजयंती दारात. आधी वास घेतला, मग हात बघितले. सुई आणि खोबरेल तेल घेऊन बसली. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. निम्मे काटे निघाले तेव्हा म्हणाली, "चन्नम्माची करडई निघाली का सगळी?"

"निघाली."

"चढावर पुढं कोण चाललं?"

"कोणी नाही."

पुढचा काटा तिनं जरा जोरातच काढला.

५ मार्च, बुधवार

हात सुजलेत. मूठ मिटत नाही, अक्षर वाकडं येतंय. अंकिताचा फोन होता — रविवारी गिऱ्हाईक येतंय. मी वैजयंतीला म्हटलं, ठरलं होतं ना? चाकांवर आली ना?

"चाकांवर आली," वैजयंती म्हणाली. "जळत आली."



७ मार्च, शुक्रवार

गुफरान येऊन नवी वायर घालून गेला. गिऱ्हाईकाचं मी त्याला सांगितलं नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी दुखऱ्या हातांनी गाडी धुतली. द्यायची तर निदान स्वच्छ द्यावी. वैजयंती किल्ली घेऊन बाहेर आली. गिऱ्हाईकाला येऊ नको म्हणून कालच कळवलंय, म्हणाली. मी दार उघडून धरलं, तर ती वळसा घालून स्टिअरिंगकडं गेली.

ओढ्याशी थांबवली. "उतरा. चपला काढा. आज पुढं तुमी चालायचं."

काळी माती, मग मुरूम, मग तो खचलेला काठ. हात वर करून वाट दाखवत राहिलो. इंजिन पाठीशी गुरगुरत येत होतं. लई वाटलं वळून बघावं. नाही बघितलं.