पेंढ्याची आंघोळ

जेचॉन,
१४ नोव्हेंबर

ती. वन्सं यांना,
पिल-सुनचा वाकून नमस्कार. इकडे दव गोठायला लागलं. किमचीसाठी कोबी मिठात घातलाय. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहितेय, रागावू नका.

रविवारी तुम्ही आईंना बुसानला न्यायला येणार, असा निरोप मिळाला. त्याआधी काढ्याचं सांगायला हवं.

न्यूमोनियातून उठल्यापासून आईंना पोटाचा काढा लागू पडेना. तीच रेवंदचिनी, तोच ज्येष्ठमध, तेच मातीचं भांडं. पोट मात्र हलेना. वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "सूनबाई, मुळी घातलीस की नुसती दाखवलीस? काटकसर तुझ्या भाजीत कर, माझ्या पोटात नको." तुम्हालाही फोनवर त्यांनी तेच सांगितलं. मी चिकट आहेच, पण मुळीत काटकसर केली नव्हती.

शेवटी त्यांना नो आडनावाच्या वैद्यबाईंकडे नेलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "इस्पितळात अँटिबायोटिक बरंच दिलं का?" मग समजावलं, की रेवंदचिनीतलं औषध आपण गिळतो तेव्हा मिटलेलं असतं. आतड्यात राहणारे जिवाणू ते उघडतात, तेव्हा कुठे पोट साफ होतं. अँटिबायोटिकनं आजाराच्या जंतूंबरोबर हेही बरेच मारले असावेत. ते हळूहळू परत वाढतील. तोवर दुसरं औषध, काढा वाढवायचा नाही.

आई म्हणाल्या, "माझ्या पोटात इतके जण राहतात? भाडं तर कोणी दिलं नाही!"

मला माझ्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवला. सोयाबीन शिजवून, कुटून आपण आंबवायच्या विटा केल्या होत्या. त्या बांधायचा पेंढा मळका दिसला, म्हणून मी तो ब्लीचच्या पाण्यात भिजवून लख्ख केला. विटा आंबवणारे जिवाणू त्या पेंढ्यातच असतात, ते सगळे मेले. शेजारणींच्या विटांवर बुरशी फुलली, आपल्या नुसत्याच वाळल्या. तुम्ही हसून लोळलात. "आई, वहिनीनं पेंढ्याला आंघोळ घातली!" आई रागावल्या नाहीत. शेजारून पेंढा मागून आणला, नव्या विटा केल्या आणि उबदार खोलीत आपल्या डोक्यावर टांगल्या. आपण तिघी तिथेच झोपायचो. तुमच्या केसांना तो वास लागायचा आणि तुम्ही मला शिव्या द्यायचात. आता तो वास आला की मला तुमचाच आवाज ऐकू येतो.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी आईंना म्हटलं, "इस्पितळानं तुमच्या पेंढ्याला आंघोळ घातली." डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे या खेपेला तू नव्हतीस!"

वन्सं, तुमचं घर मोठं, लिफ्ट आहे. आई तिथे सुखात राहोत, असं मी बुद्धापुढे रोज मागते, हे लिहिणार होते. पण आत्ताच देवळातून आलेय, खोटं लिहवत नाही. मी ते मागत नाही. हे गेल्यापासून मला नावं ठेवायला या घरात त्या एकट्याच उरल्यात.

आईंना विचारलं. म्हणाल्या, "लेक बोलावते तर जाईन. पण तिथे भांडू कोणाशी?"

रविवारी जेवायलाच या. आईंची पिशवी मी भरलेली नाही. न्यायचंच ठरवलंत, तर ती तुम्ही भरा. माझ्याच्यानं होणार नाही.

तुमच्या आईची सून,
पिल-सुन