चैतालीला इंग्रजीत एक प्रश्न

३ मार्च, सकाळी ७.१०
संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. फक्त लक्ष असतं. चैताली आज परत फोन घेऊन गच्चीवर. कपडे वाळत घालायला म्हणे. बादली खालीच होती.
पोरगी सव्वीसची, एकुलती एक. नक्की कुणीतरी आहे. आपल्याला न सांगताच ठरवून बसली तर? या विचाराने चहा गोड लागत नाही. मागच्या वर्षी मराठीत थेट विचारलं, तर आठ दिवस अबोला. या वेळी इंग्रजीत विचारणार. आपल्याकडे सॉरीसुद्धा कुणी मराठीत म्हणत नाही.

५ मार्च
एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमध्ये तीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहिली आहेत. त्याच पद्धतीने चैतालीला व्हॉट्सॲप केलं: विथ रेफरन्स टू द अबोव्ह सब्जेक्ट, काइंडली इन्फॉर्म द फॅक्ट्स. सब्जेक्ट मुद्दाम लिहिला नाही. गुप्तता.
तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा! काहीतरी लपवतेय.

६ मार्च
शेजारचा धम्मपाल कॉलेजात इंग्रजी शिकवतो. अख्ख्या इंदिरानगरात विश्वास ठेवावा असा एकच मुलगा. त्याला विचारलं, मुलीला तिच्या भानगडीबद्दल इंग्रजीत कसं विचारायचं. बिचारा घामाघूम झाला. मार्चमध्येच किती उकाडा.
म्हणाला, काका, प्रश्न एकदम टाकायचा नाही, आधी प्रस्तावना. लिहिताना, आय वॉज वंडरिंग इफ. मला पटलं नाही. वंडरिंग कसलं? मला खात्री आहे.
रोज संध्याकाळी सातला येऊन शिकवणार. फी नको म्हणाला. अशी मुलं हल्ली कुठे मिळतात.

९ मार्च
बोलताना 'बाय द वे'पासून सुरुवात. सहज आठवल्यासारखं. चैताली दात घासत असताना म्हटलं. ती ब्रश तोंडात धरून थांबली. मी विचारलं, गीझर बंद केलास का. ही रंगीत तालीम होती.
धम्मपालचा चहा चैतालीच करते. आलं, वेलची घालून. माझ्या चहात वेलची नसते. पाहुण्याचा मान ठेवते, संस्कार आमचे.

१२ मार्च
सापडला! ऑफिसातला महेश. रोज तिला गाडीवरून चौकात सोडतो. गंगापूर रोडला त्याच्या घरासमोर उसाच्या रसाच्या दुकानात बसून दीड तास पाळत ठेवली. चार ग्लास झाले. महेश निघाला तो बायको आणि जुळी पोरं घेऊन. बनाव असू शकतो.
धम्मपालला सांगितलं. काका, महेश नसेल हो, म्हणाला. साधा मुलगा, कुणाबद्दल वाईट बोलत नाही. माझ्या बायकोला, लताला, सांगितलं, तर ती तोंडाला पदर लावून आत पळाली. रडली असणार. आई आहे शेवटी.

१५ मार्च
उद्या विचारणारच. वाक्य पाठ: इफ यू डोन्ट माइंड, मे आय आस्क यू समथिंग पर्सनल? आरशासमोर चाळीस वेळा. आवाज मऊ, मग थोडं थांबायचं.

१६ मार्च, सकाळी ९
म्हटलं. एकही चूक नाही. मग थांबलो. जरा जास्तच थांबलो.
चैताली शेजारी येऊन बसली. फोन पालथा ठेवला. विचारा ना पप्पा, म्हणाली, मी किती दिवस वाट बघतेय. मी घाईघाईने विचारलं, जेवलीस का? सकाळी नऊला.
तिने फोन उचलला. मग म्हणाली, संध्याकाळी शिकवणीला चांगला शर्ट घालून बसा.

१६ मार्च, संध्याकाळी ७.४०
धम्मपाल आला. वही नाही. मागे त्याची आई, हातात पेढ्यांचा बॉक्स. मला वाटलं, कोर्स संपला.
तो सुरू झाला, काका, इफ यू डोन्ट माइंड... आणि अडकला. मीच म्हटलं, अरे, मराठीत बोल. मग त्याने सरळ विचारलं, चैतालीशी लग्न करू का?
पोरीचे डोळे भरले होते. माझेही. दहा दिवस प्रश्नाचीच तयारी केलेली, उत्तराला शब्द सापडेना. नुसती मान डोलावली. सगळ्यांना तेवढं पुरलं.
पेढा खाताना कळलं, लताला दिवाळीपासून माहीत आहे. तुला कुणी सांगितलं, म्हटलं.
म्हणाली, पोरीनेच. मी विचारलं तेव्हा.